सातव्या दिवसाचा फोन

आमच्या खानदेशात कुणालाही कसं काय विचारा, उत्तर एकच येतं. बरं शे. पिकाचं कसं? बरं शे. तब्येत? बरं शे. घरात माणूस खाटेला खिळलेलं असलं तरी फोनवर विचारणाऱ्यापाशी कोण ते सांगत बसणार, म्हणून बठ्ठं बरं शे, सगळं बरं आहे. मी मूळची धरणगावची. लग्नानंतर जळगावला आले, मेहरूणला घर केलं. हे उत्तर मी जन्मभर ऐकलंय आणि जन्मभर दिलंय. आणि तीन वर्षं माझं काम काय होतं, तर लोकांना फोन करून विचारायचं, जखम कशी आहे, आणि ते सांगतील ते कागदावर लिहायचं. मला त्याचा पगार मिळत होता.

त्याआधी वीस-बावीस वर्षं मी एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स होते. गुडघे गेले तशी उभं राहण्याची नोकरी सुटली. मग एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की धुळ्याचे एक सर्जन साहेब संशोधन करतायत, त्यांना जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात बसायला बाई पाहिजे. काम बसून आहे. मला तेवढंच ऐकू आलं.

संशोधन तसं साधं होतं. सिझर झालेल्या बाईच्या टाक्यांवर जी पट्टी लावतात, ती दुसऱ्या दिवशी काढून जखम उघडी ठेवायची, की सात दिवस तशीच झाकून ठेवायची? कशात पू कमी होतो? जगभर यावर वाद आहे म्हणे. साहेबांचं म्हणणं, जगाचं जग बघेल, आपल्याकडे धूळ वेगळी, पाणी वेगळं, घरं वेगळी, आपण आपलं तपासलं पाहिजे. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं, तीच तर पंचाईत आहे.

कोणत्या बाईला कोणती पट्टी, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, मी ठरवायचं नाही. बंद पाकिटं असत. बाईच्या नातेवाइकाची सही झाली की वरचं पाकीट उचलायचं आणि फोडायचं. आत चिठ्ठी. एक तर ‘दुसरा दिवस’, नाही तर ‘सात दिवस’. वॉर्डातल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. भिशीची चिठ्ठी निघावी तशा माना उंचावून बघायच्या.

ती पोर तिसऱ्या खाटेवर होती. वय असेल बावीस. पहिलीच खेप, मुलगी झालेली. चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं माहेर, केळीच्या बागांचं गाव. सासर जळगावातच, नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर. अंगाने बारकी, पण तोंडाची मोठी बडबडी. मी पाकीट फोडलं तर म्हणाली, “काय लागलं ताई मला? पहिलं बक्षीस का दुसरं?”

“सात दिवस लागले,” मी म्हणाले.

“म्हणजे चांगलं ना?”

“चांगलंच. सात दिवस हात लावायचा नाही, एवढंच.”

मग मी तिला नीट समजावलं. या कामात मी स्वतःला फार हुशार समजत होते, आणि समजावण्यात तर होतेच. पट्टी पांढरी, चिकटणारी, वरून पाणी लागलं तरी आत जात नाही. गावाकडे गेलीस की शेजारीपाजारी बायका येतील, कुणी म्हणेल हळद भर, कुणी म्हणेल तेल सोड, कुणाला उघडू द्यायची नाही. गावातल्या डॉक्टरलाही नाही. या गावठी डॉक्टरांनी टाके उचकटून घाण केलेल्या जखमा मी वीस वर्षं धुतल्या होत्या, तो राग माझ्या बोलण्यात होता. म्हणाले, “सातव्या दिवशी मी फोन करीन. मी सांगीन तेव्हाच काढायची. काही दुखलं-खुपलं तर तेही मलाच सांगायचं. कळलं?”

“फोन नक्की कराल ना ताई?”

“करीन म्हणजे करीन. माझं कामच आहे ते.”

आणि मी केला. कोणी म्हणेल विसरले असेन, तर नाही. सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता मी फोन केला, फॉर्मवर वेळसुद्धा आहे.

फॉर्मवर फोन नंबरासाठी एकच चौकोन होता. सही नवऱ्याची लागायची, म्हणून नंबरही नवऱ्याचा. सही घ्यायला त्याला वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर गाठलं, तिथेच नंबर लिहून घेतला. फॉर्म पुण्या-मुंबईकडच्या कुणीतरी तयार केलेला, साहेबांनी तपासलेला, कसल्या कसल्या कमिटीने मंजूर केलेला. एवढ्या शहाण्या माणसांच्या नजरेतून जे सुटलं ते माझ्या नजरेतून सुटायला नको होतं. कारण आमच्याकडे बाळंतीण नवऱ्याच्या घरी नसतेच. पहिली खेप असली की ती माहेरी. दवाखान्यातून थेट माहेरची गाडी. सव्वा महिना झाल्याशिवाय ती तिथून हलत नाही, आणि नवरा बारशाला पाहुण्यासारखा येऊन जेवून जातो. माझी स्वतःची दोन्ही बाळंतपणं धरणगावला आईकडे झाली. माझ्या टाक्यांचं माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं असतं तर त्या बिचाऱ्याने काय सांगितलं असतं?

तिच्या नवऱ्याने उचलला फोन. मागे मशीनचा खडखडाट.

“जखम कशी आहे तिची?” मी ओरडून विचारलं.

“बरं शे ताई. बठ्ठं बरं शे.”

“ताप-बीप?”

“नाही नाही.”

“हे बघा, आज पट्टी काढायची आहे. सांगा तिला. काढून साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, कोरडं करायचं. लाल वाटलं, पाणी आलं, तर लगेच मला फोन. सांगाल ना?”

“हो ताई. सांगतो.”

फॉर्मवर प्रश्न असा होता: पट्टी काढण्याचा सल्ला दिला का? मी लिहिलं, होय. पू? नाही. ताप? नाही. मग पुढचा फोन लावला. दिवसाला दहा-दहा, बारा-बारा फोन असायचे. बरं शे, बरं शे, बरं शे. कधी कधी मला वाटायचं की आपल्या जिल्ह्यातल्या बायकांची कातडी भलतीच चिवट आहे, आणि धुळ्याला महिन्याच्या मीटिंगला गेले की साहेबही खूश असायचे. बसमधून पारोळ्याला उतरून चहा प्यायचा, तिथे पोचून पेढा खायचा, असे ते दिवस होते.

चौदाव्या दिवशी सकाळी परत त्यालाच फोन.

“बरं शे ताई.”

“पट्टी काढली ना?”

“काढली असेल.”

मी लिहिलं, काढली. ‘असेल’ला फॉर्मवर जागा नव्हती. नाही, हे फॉर्मवर ढकलणं झालं. जागा मी करू शकले असते. मला पुढचा फोन लावायचा होता.

तिसाव्या दिवशी फोन लावला तेव्हा मागे मशीनचा आवाज नव्हता. मी नेहमीसारखं विचारलं, कशी आहे जखम. तो म्हणाला, “ती गेली ना ताई. चौदा दिवस झाले.”

मी म्हणाले, “कुठे गेली?” खरंच असं म्हणाले मी. वीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई.

मरण झालं की वेगळा फॉर्म असतो. तो घरी जाऊन भरावा लागतो. त्या फॉर्मच्या निमित्ताने मी आधी नवऱ्याला गाठलं. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथे. खरं सांगते, मी त्याला फाडून खायला गेले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. काढली असेल म्हणे. तुझ्या बायकोची पट्टी, तुझ्या लेकीच्या आईची, आणि काढली असेल?

तो चोवीस-पंचवीसचा पोरगा. केसांत प्लास्टिकचे धागे अडकलेले. चहा हातात धरून बसला, प्यायलाच नाही.

“मी विसरलो नव्हतो ताई,” तो म्हणाला. “आठव्या दिवशी सासऱ्यांच्या मोबाइलवर फोन केला मी. तिचा मोबाइल आमच्याच घरी होता. बाळाजवळ मोबाइल नको म्हणून सासूबाईंनी नेऊच दिला नाही. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, ते फोन स्पीकरवर टाकतात. घरात बाळ बघायला पाहुणे बसलेले. सगळे ऐकतायत. सासरे विचारतायत, काय जावई, बरं शे ना. आता त्यात मी पोटावरच्या पट्टीचं कसं काढू? मी बाळाचं विचारलं. म्हटलं, उद्या एकटी असेल तेव्हा सांगू.”

“मग उद्या?”

“उद्या डबल ड्युटी लागली.”

मला माझा नवरा दिसत होता, धरणगावच्या आमच्या ओसरीवर माझ्या वडिलांसमोर मान खाली घालून बसलेला, आणि माझं नावसुद्धा न घेता ‘बरं आहे ना सगळं’ असं खांबाला विचारणारा. सासऱ्यासमोर बायकोच्या पोटाचं बोलायचं असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? राग काढायला गेलेली मी त्याच्या चहाचे पैसे देऊन परत आले.

मग तिच्या गावी. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. दोन्ही बाजूंना केळी, आणि पाटाच्या पाण्याचा वास. घर दोन खोल्यांचं, आतली खोली बाळंतिणीची. खाटेखाली शेगडी ठेवल्याची काळी खूण अजून जमिनीवर होती. तिची आई, जिला मी अक्का म्हणू लागले, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वडील दारात उभे. आबा म्हणायचे त्यांना सगळे. उंच, वाकलेले, हातावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग.

मी कोण ते सांगितलं. जळगावच्या दवाखान्यातली, फोनवाली.

अक्काने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही का त्या ताई?” एवढंच म्हणाली.

फॉर्मवर प्रश्न होते. त्रास कधी सुरू झाला? कोणाला दाखवलं? मी विचारत गेले आणि अक्का सांगत गेली. पुढचं मी तिच्याच सांगण्याने सांगते.

पोर आली तेव्हा चांगली होती. हसत होती. मेथीचे लाडू, दादर ज्वारीची गरम भाकरी, सगळं खात होती. सहाव्या दिवसापासून टाक्यापाशी ठणकायला लागलं. अक्का म्हणाली, बघू दे मला. तर म्हणे, नाही, ताईंनी सांगितलंय, कुणाला उघडू द्यायची नाही, उद्या ताईंचा फोन आहे, त्यांना विचारते. सातवा दिवस गेला. म्हणे, कामात असतील, उद्या करतील. आठव्या दिवशी ताप आला. अक्काला वाटलं दुधाचा ताप. बाळंतिणीला येतोच. शेगडीत ओवा टाकून शेक वाढवला. नवव्या दिवशी गावातला डॉक्टर आणला. पोर उठून बसली, पदर घट्ट धरला, म्हणे इंजेक्शन काय द्यायचं ते द्या, पट्टीला हात लावू नका. तो इंजेक्शन देऊन गेला.

“आम्ही तिला बोललो सुद्धा,” अक्का म्हणाली. “काय ताई ताई लावलंय, आम्ही काय तुझे दुश्मन आहोत का. तर म्हणाली, आई, त्यांनी मला नीट समजावलंय, तुला नाही कळायचं.”

मी लिहीत होते. लिहिणं थांबवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं, म्हणून लिहीत राहिले.

आबा आत गेले आणि भिंतीतल्या लाकडी फळीकडे बोट दाखवलं. तिथे देवांच्या तसबिरीशेजारी बटणांचा छोटा मोबाइल ठेवलेला होता.

“पोर म्हणे, आबा, फोन घरी ठेवून जा, मना फोन येणार शे,” ते म्हणाले. “मी आठ दिवस फोन घरी ठेवला. बागेत पाणी भरायला बिगर फोननं गेलो. संध्याकाळी येऊन पहिलं विचारू, उना का फोन? तर अक्का म्हणे, नही उना.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमना फोन उना नही, ताई.”

मी त्यांना सांगितलं. फोन मी केला होता, तुमच्या जावयाच्या नंबरावर, आमच्या कागदावर तोच नंबर होता. हे मी दोनदा सांगितलं. मला काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे. आबांनी मान हलवली. “असं का,” म्हणाले. “तिला वाटे, नंबर मनाच दिला असेल. दवाखान्यात मीच नेलं व्हतं ना तिला.”

तिला नंबर विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा नंबर छापलेला कागद फाइलीत होता. फाइल सरकारी योजनेच्या पैशांच्या कामासाठी नवऱ्याकडे जळगावात राहिली होती.

चौदाव्या दिवशी, म्हणजे सकाळी मी ‘पट्टी काढली’ असं लिहिलं त्याच दिवशी, संध्याकाळी ती बरळायला लागली. तेव्हा अक्काने पट्टी ओढली. वास खोलीभर झाला. चोपड्याला नेलं, चोपड्याहून रात्रीत धुळ्याला पाठवलं. सोळाव्या दिवशी संपलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट परत उघडून साफ केलं होतं, जेवढं होतं तेवढं केलं त्यांनी. अक्का म्हणाली, गाडीत पोर शुद्धीवर आली तेव्हा विचारत होती की फोन घरी राहिला का कुणी घेतला.

निघताना मी आबांना माझा नंबर दिला. एका चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. आता त्याचं काय करायचं ते त्यांनी विचारलं नाही. घडी घालून फळीवर ठेवला.

पुढच्या मीटिंगला मी धुळ्याला साहेबांसमोर सगळं मांडलं. साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण कुणाला तरी वाईट ठरवता आलं असतं तर मला रात्री झोप लागली असती. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग मरणाची बाब कमिटीपुढे गेली. कमिटीने एकच विचारलं, ठरल्याप्रमाणे सातव्या दिवशी पट्टी काढण्याचा सल्ला दिला होता का? फॉर्म काढला. होय. तारीख, वेळ, माझी सही. मग सल्ला दिलेला असताना घरच्यांनी पाळला नाही, असं झालं ते. संशोधनाशी संबंध नाही, असा शेरा आला. माझ्या त्या एका ‘होय’ने सगळे सुटले. साहेब सुटले, दवाखाना सुटला, पट्टी सुटली, आणि मीही सुटले.

मी म्हणाले, “साहेब, फॉर्मात माहेरचा नंबर पाहिजे.”

“खरंय,” साहेब म्हणाले. “पुढच्या अभ्यासात घेऊ.”

“आणि आधीचे? हे जे गठ्ठे आहेत, ते सगळे नवऱ्यांना विचारून भरलेत. नवऱ्यांना काय माहीत?”

“आधीचे आता बदलता येणार नाहीत, ताई. मुदत गेली.”

मी ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. दोन महिने घरी बसून मी जुने फॉर्म घेऊन त्या नवऱ्यांकडून माहेरचे नंबर काढले आणि बायकांना फोन लावले. मी विचारायची, खरं सांग बाई, तेव्हा काय झालं होतं? आधी सगळ्या म्हणायच्या बरं होतं. मग मी माझ्या टाक्यांचं सांगायची, तेव्हा कुठे एखादी मोकळी व्हायची. पू आला होता ताई, पंधरा दिवस आई रोज धूत होती. टाका उसवला होता. ताप होता, सासरी सांगितलं नाही. मी सगळं वहीत लिहिलं. वही साहेबांना दिली. त्यांनी चाळली, अक्षर छान आहे म्हणाले, पण उशिरा विचारलेली तोंडी माहिती धरता येत नाही. बरोबरच होतं ते. मलाही ते कळत होतं, म्हणून तर आणखी चडफडत होते. मुलगा म्हणाला, आई, तू आता सोड हे. मी त्याच्यावरच खेकसले.

अभ्यास पूर्ण झाला. धुळ्यात एका हॉलमध्ये त्याचं वाचन झालं, मला मागच्या रांगेत खुर्ची होती. सात दिवस झाकून ठेवलेल्या पट्टीने काही अपाय होत नाही, उलट सोयीचं पडतं, असं निघालं. टाळ्या झाल्या. मग जेवण होतं, शेवभाजी आणि पुऱ्या. मी जेवले. आता त्या वॉर्डात सगळ्याच बायकांना सात दिवसांची पट्टी लावतात, पाकीट फोडावं लागत नाही. मागच्या महिन्यात मी सहज गेले होते तर नवी मुलगी नव्या अभ्यासाचे फॉर्म भरत बसलेली. मी डोकावून बघितलं. नंबरासाठी एकच चौकोन. मी तिला म्हटलं, माहेरचा नंबरही घेत जा. ती म्हणाली, “कुठे लिहू मावशी? कॉम्प्युटरात जागा नाही.” वयाने मी तिला मावशी वाटते आता.

बाळ नऊ महिन्यांचं झालं तेव्हा मी परत त्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. नोकरी संपली होती, झबलं आणि टोपी घेतली आणि गेले. बाळ आजी-आजोबांकडेच आहे. बापाने दुसरं लग्न केलंय, त्याला मी नावं ठेवत नाही. त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं, गोवराची लस. आबा बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर उभे होते, आतून नर्सबाईचा आवाज येत होता.

नर्सबाई म्हणत होती, मधला एक डोस चुकलाय, तुम्हाला मेसेज गेला होता, तुम्ही आलाच नाही. आबा म्हणत होते, मेसेज आलाच नाही. मी कार्ड हातात घेतलं. कार्ड जन्माच्या वेळी जळगावच्या दवाखान्यात बनवलेलं. त्यावरचा नंबर मला तोंडपाठ होता. तीन वेळा लावला होता मी तो.

“हा नंबर बदला,” मी म्हणाले. “मूल इथे आहे, बाप तिथे.”

नर्सबाई भली होती. कॉम्प्युटरवर बघितलं. म्हणाली, “बदलायचा तर आधी जुन्या नंबरावर ओटीपी जातो. तो सांगा, लगेच बदलते.”

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. शिफ्ट असेल. तिसऱ्यांदा लावला तर बंद. नर्सबाईपुढे अजून वीस मुलं होती. तिने कार्डावर पेनने आबांचा नंबर लिहिला, म्हणाली, कॉम्प्युटरचं नंतर बघू, इथून पुढे गावातली आशाताई सांगत जाईल. गावातली आशाताई बाळंतपणाला तिच्या माहेरी गेलेली होती.

बाळाला सुई टोचली. रडली, मग आबांच्या सदऱ्याचं बटण चघळत गप्प झाली. आईसारखीच बारकी आहे. आम्ही घरी आलो, अक्काने चहा ठेवला. आबांनी कार्ड नीट बघितलं, पेनने लिहिलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, “आता फोन मना नंबरवर येईल ना, ताई?”

कॉम्प्युटरात अजून जुनाच नंबर होता, ते मला माहीत होतं.

“येईल, आबा,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. बागेत पाणी सोडायची वेळ झाली होती. खिशातून मोबाइल काढला, फळीवर तसबिरीशेजारी ठेवला, अक्काला म्हणाले, लक्ष ठेव, आणि हात मोकळे घेऊन निघून गेले.